झाड आपलं, सावली गल्लीची, फांद्या कुणाच्या?

फाल्गुन अर्ध्यावर आला की इंदूरच्या जुन्या वसाहतींमधली सकाळ खराट्यांच्या आवाजाने सुरू होते. कचरागाडीचं गाणं त्यानंतर ऐकू येतं. कडुनिंब, पिंपळ, शिरीष, देशी बदाम सगळे एकदमच पानं टाकायला लागतात. सकाळी सातला झाडलेलं अंगण नऊला पुन्हा भरलेलं असतं. त्यात पावसाळ्याआधीची छाटणीही याच दिवसांत निघते. तारांना लागलेल्या फांद्या काढायच्या, गच्चीवर वाकलेली डहाळी उतरवायची, कुंपणाची मेंदी सारखी करायची. संध्याकाळपर्यंत फाटकापाशी कमरेइतका ढीग लागतो आणि मग घरातलं माणूस विचारतं, "हे आता उचलणार कोण?"

रोजच्या गाडीत ओला-सुका कचरा जातो. पोती-पोती पानं आणि हात-हातभर फांद्या तिच्यात मावत नाहीत. त्यासाठी वेगळं वाहन बोलवायचं आणि त्याचे वेगळे पैसे मोजायचे. इथेच बऱ्याच जणांचा पारा चढतो. गेल्या दोन महिन्यांत या सदरासाठी जे निरोप आले, त्यांतल्या बऱ्याच जणांचं म्हणणं एकच होतं: "महिन्याचं कचरा शुल्क भरतो, मालमत्ता कर भरतो, वर झाडं लावा म्हणून ऐकून घेतो. मग झाडाच्या पानांचे पैसे वेगळे का?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र वाटतं तितकं सरळ नाही. म्हणून आज जरा तपशिलात जाऊ या.

आधी नियम काय होते ते पाहू. 2016 साली केंद्र सरकारने घनकचरा व्यवस्थापनाचे नियम आणले. त्यांत बागेच्या कचऱ्याचा वेगळा उल्लेख होता. आपल्या आवारात निघालेला बागेचा कचरा आपणच वेगळा साठवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल त्याप्रमाणे त्याची वाट लावायची, असं त्यात होतं. कचरा रस्त्यावर किंवा नाल्यात टाकायचा नाही, पेटवायचा नाही, हेही होतं. आणि कचरा व्यवस्थापनासाठी स्थानिक संस्था उपविधीत जे शुल्क ठरवेल ते प्रत्येकाने भरायचं, हेही स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे शुल्क घेण्याचा अधिकार कुणी परवा सकाळी उठून काढलेला नाही. किती घ्यायचं, कशाचं घ्यायचं आणि कुणाकडून घ्यायचं, हे मात्र प्रत्येक शहराच्या हातात राहिलं. आपला वाद खरं तर इथे आहे.

आता आपल्या शहराकडे वळू. 2025 मध्ये केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार इंदूरमध्ये लाकूड, फांद्या, पानं आणि फुलं मिळून दिवसाला सुमारे 30 टन हरित कचरा निघतो. पानगळीच्या दिवसांत हाच आकडा 60 ते 70 टनांवर जाऊ शकतो. या कचऱ्यासाठी बिचोली हप्सीला सुमारे 55,000 चौरस फूट जागेत खाजगी कंपनीच्या भागीदारीतून कारखाना उभा करायचं ठरलं. तिथे फांद्यांचा भुसा करायचा, तो तीन-चार महिने वाळवायचा आणि मग पॅकिंगचं सामान, फर्निचरच्या फळ्या, खत, ताटल्या अशा वस्तूंसाठी वापरायचा, अशी योजना. मोठ्या संस्थांच्या आवारातला हरित कचरा ठराविक शुल्क घेऊन उचलायचा, हेही त्याच वेळी सांगितलं गेलं. आणि कंपनी निगमाला देणार टनामागे सुमारे 3,000 रुपये.

हे वाचल्यावर आमच्या गल्लीतले एक काका तावातावाने म्हणाले, "बघा! माझ्या फाटकाशी ज्या फांदीचे माझ्याकडून पैसे घेतात, तिचेच कारखान्याच्या फाटकाशी यांना पैसे मिळतात. हा कुठला न्याय?"

ऐकायला हे अगदी बिनतोड वाटतं. पण एकदा हिशेब मांडून बघा. ताज्या तोडलेल्या फांद्या गाडीत भरल्या की गाडी काठोकाठ दिसते, तरी तिच्यात निम्म्याहून जास्त हवाच असते. समजा, एका फेरीत 200 किलो फांद्या गेल्या. टनाला 3,000 रुपयांनी त्यांचे झाले 600 रुपये. त्यात गाडीचं डिझेल, चालक, भरणारी-उतरवणारी दोन माणसं आणि अर्धा दिवस. 600 रुपयांत हे कसंबसं भागलं तर भागलं. म्हणजे आपण जे पैसे देतो ते फांदीचे नसतात. गाडीत बसून बिचोली हप्सीला जाणाऱ्या हवेचं ते भाडं असतं!

हे एकदा लक्षात आलं की पैसे कमी करायचा उपायही लगेच दिसतो. त्याच फांद्या कोयत्याने हात-हातभर तोडून, पानं झटकून, जुडी बांधून ठेवल्या, तर दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत होतं. आमच्याकडे छाटणीला येणारा माणूस शाळा फारशी शिकलेला नाही, पण हा हिशेब त्याला पाठ आहे. "माताजी, डाल अलग, पत्ता अलग, तो एक ही फेरा लगेगा," असं तो कुऱ्हाड उचलायच्या आधीच सांगतो.

हे पैसे नेमके कुणी द्यायचे, यावर इंग्लंडमध्ये बरीच वर्षं वाद चालू आहे. माझी भाची तिथे असते, म्हणून मला त्याची थोडी माहिती. तिथे घरचा नेहमीचा कचरा उचलायचे वेगळे पैसे कौन्सिल घेऊ शकत नाही. पण 2012 च्या नियमांत अशा काही कचऱ्यांची यादी आहे ज्यांच्या उचलण्याचे पैसे घेता येतात, आणि बागेचा कचरा त्या यादीत आहे. त्यामुळे बऱ्याच गावांत बागेच्या कचऱ्यासाठी चाकांचा वेगळा डबा घ्यायचा आणि वर्षाची वर्गणी भरायची, अशी पद्धत पडली. दर गावागणिक वेगळा. बऱ्याच ठिकाणी तो वर्षाला 40 ते 70 पौंडांच्या दरम्यान असतो. ज्याला वर्गणी नको, त्याने घरी खत करावं किंवा स्वतःच्या गाडीतून कौन्सिलच्या केंद्रावर नेऊन टाकावं.

कौन्सिलचं म्हणणं असं, की चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला बाग नाही, तर त्याने दुसऱ्याच्या हिरवळीचं गवत उचलायला कर का द्यावा? उलट बाजूचे लोक म्हणतात, की हा आधीच भरलेल्या करावरचा दुसरा कर आहे. वय झालेल्या माणसाला गाडी चालवत केंद्रावर जाता येत नाही, आणि वर्गणी नको म्हणून काही महाभाग रात्री झुडपात नेऊन टाकतात. भाची म्हणते, "मावशी, दरवर्षी वर्गणीचं पत्र आलं की आमच्या रस्त्यावर हीच चर्चा."

चौथ्या मजल्यावरच्या माणसाचा मुद्दा मला पटतो. आपल्याकडेही निम्मं शहर आता बहुमजली इमारतींत राहायला गेलंय. माझ्या गुलाबाच्या छाटणीचे, माझ्या हिरवळीच्या गवताचे, माझ्या मेंदीच्या कुंपणाचे पैसे त्यांनी का द्यावेत? ती माझी हौस. हौसेला मोल असतंच, ते मी द्यावं.

पण तिथला नियम उचलून जसाच्या तसा इथे लावता येणार नाही, कारण आपला बागेचा कचरा वेगळा आहे. त्यांच्या डब्यात मुख्यतः गवत आणि कुंपणाची कात्रण असते. आपल्या फाटकाशी पडतो तो कडुनिंब, आंबा, जांभूळ, गुलमोहर. वैशाखात दुपारी दोनला भाजीची गाडी कुठे उभी राहते? पोरं सायकली कुठे लावतात? कचरागाडीचा चालक पाच मिनिटं टेकतो तो कुठे? आपल्या कुंपणाच्या आतल्या, पण रस्त्यावर पसरलेल्या झाडाखालीच ना! झाड एका घराचं, सावली अख्ख्या गल्लीची. आणि फांदी पडली की ती मात्र पुन्हा एकाच घराची!

यात खरं काय पणाला लागलंय, ते सांगते.

आमच्यापासून चार घरं सोडून एक आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मुलगा पुण्याला. दारात यजमानांनी लावलेला कडुनिंब आहे, दोघांच्या कवेत मावणार नाही असा. दरवर्षी पानगळ, दर दोन वर्षांनी छाटणी. छाटणाऱ्याची मजुरी वेगळी, न्यायचे पैसे वेगळे. एका वर्षी एकाने दोन्हींचे पैसे घेतले आणि फांद्या नेऊन कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर टाकल्या. लोक बोलायला आले आजींच्या दारी. त्या रात्री त्यांनी मुलाला फोन केला आणि मुलगा म्हणाला, "आई, काढूनच टाक ते झाड. एकदाच काय तो खर्च होईल."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तूच सांग बाई. पेन्शनीत औषधं बघू की पाला बघू?"

त्यांना काय सांगायचं? झाड तोडायला परवानगी लागते. आपल्या प्रदेशात शहरी भागातल्या झाडांच्या रक्षणासाठी 2001 पासून कायदा आहे. हे मी सांगितलं. पण कायद्याने झाड तोडणं थांबतं, झाडाचा खर्च थांबत नाही. आणि खर्च सोसेनासा झाला की झाडाच्या बुंध्याशी काय-काय ओतलं जातं, हे जुन्या वसाहतींत राहणाऱ्यांना सांगायला नको.

त्या रविवारी आम्ही पाच घरं बसलो. झाडाची सावली कुणाकुणाच्या दारात पडते ते मोजलं, तर ती सात घरं निघाली. ठरलं असं, की छाटणीची मजुरी आजी देतील, कारण झाड त्यांचं; आणि फांद्या न्यायचे पैसे सात घरं वाटून घेतील, कारण सावली सात घरांची. त्याच दिवशी बाकीच्या घरांनीही आपापली छाटणी काढली आणि एकच गाडी भरून गेली. माणशी जो आकडा आला तो इतका किरकोळ होता, की दोन घरांनी "पुढच्या वर्षीचेही घेऊन ठेवा" म्हटलं. मघाशी ज्यांचा उल्लेख केला ते तावातावाचे काका आता या वर्गणीचे खजिनदार आहेत. कडुनिंब अजून उभा आहे. मुलगा दिवाळीत आला तेव्हा त्याच सावलीत गाडी लावून गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे. शुल्क असायला हरकत नाही. पण पान, कात्रण आणि सावलीच्या झाडाची फांदी यांना एकच तराजू लावू नये. हौसेच्या बागेचे पैसे बागवाल्याने द्यावेत. रस्त्याला सावली देणाऱ्या मोठ्या झाडाच्या फांद्यांसाठी मात्र वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, गल्लीभराची एक फेरी बिनपैशांची किंवा नाममात्र दराने असावी. टनाला मिळणाऱ्या पैशांतून एवढं करायला काही अडचण नसावी. तसं पत्र आम्ही काहीजण आमच्या पार्षदांना देणार आहोत. आपल्या वाचकांनी आपापल्या वार्डात दिलं तर त्याला वजन येईल.

आता राहिली पानं. पानांच्या बाबतीत मी जरा कडक आहे. पान घराबाहेर जायलाच नको. न्यायचे पैसे देऊन पानं पाठवायची आणि मग नर्सरीतून पैसे देऊनच खताचं पोतं आणायचं, याला काय म्हणावं?

ज्यांच्याकडे थोडीही मोकळी जमीन आहे, त्यांनी कोपऱ्यात विटांचा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच हौद रचावा. सिमेंट नको. विटांमध्ये बोटभर फटी ठेवाव्यात, म्हणजे हवा खेळते. तळाला फांद्यांचे काटकुळे, त्यावर वीतभर वाळकी पानं, त्यावर स्वयंपाकघरातल्या भाजीच्या साली किंवा शेणकाला, मग पुन्हा पानं. आंबट ताक घातलं तरी चालतं. पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवायची. पाणी निथळलं तर जास्त झालं. पंधरा दिवसांनी एकदा खाली-वर करायचं. काठोकाठ भरलेला हौद महिन्याभरात बराच खाली बसतो, की पुन्हा भरायचा. फाल्गुनात घातलेल्या पानांचं खत साधारण दिवाळीच्या सुमारास हातात येतं.

काही गोष्टी लक्षात ठेवा. देशी बदामाची आणि आंब्याची पानं जाड असतात, लवकर कुजत नाहीत; ती आधी पायाखाली चुरून घ्यावीत. हिरवळीचं ताजं गवत एकदम जाड थराने घातलं तर चिकट गोळा होऊन वास मारतं. ते वाळक्या पानांत मिसळून पातळ पसरावं. बोगनवेल आणि गुलाबाच्या काटेरी फांद्या हौदात नकोत, नंतर हात घालणाऱ्याचे हाल होतात. रोग पडलेली पानंही वेगळी काढावीत.

ज्यांना एवढंही नको, त्यांनी वाळकी पानं नुसती कुंड्यांत आणि झाडांच्या आळ्यांत दोन-तीन इंच पसरावीत, खोडापासून चार बोटं जागा सोडून. माळव्याच्या उन्हात त्याने माती निवते आणि पाणी एक दिवसाआड घातलं तरी पुरतं. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर उपसून आणलेलं असतं, हे आठवलं की कुंडीतल्या पानांची किंमत जास्त कळते.

आणि एक शेवटचं, पेटवण्याबद्दल. "थोडासाच पाला आहे" म्हणून काडी लावणारे अजूनही आहेत. डिसेंबर 2016 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये भरपाईचा आदेश दिला होता. पण दंड राहू द्या. ओलसर पाला धुमसतो, त्याचा धूर खालीच रेंगाळतो, आणि शेजारच्या घरात दमा असलेलं कुणी ना कुणी असतंच. होळी वर्षातून एकदा असते, ती तेवढीच पुरे.

चैत्राच्या पहिल्या रविवारी प्रत्येक वसाहतीने एक काम करून बघावं. वही घ्यावी, गल्लीतली मोठी झाडं मोजावीत, कुठल्या झाडाची सावली किती घरांवर पडते ते लिहावं, आणि छाटणीचा एकच दिवस ठरवून एकच गाडी बोलवावी. जिथे घरात फक्त वयस्कर माणसं आहेत, तिथला पाला तरुण मुलांनी आधी उचलावा. पैशांचा प्रश्न अर्ध्याहून जास्त तिथेच सुटतो, असा आमचा अनुभव आहे.

बेळगाव, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद आणि गोव्याच्या वाचकांना एक विनंती. तुमच्याकडे बागेच्या कचऱ्याचे पैसे कसे घेतात, गाडीवर, वजनावर की वर्षाच्या वर्गणीवर, ते संपादकांकडे चार ओळींत कळवा. आपल्या प्रत्येक गावची झाडं वेगळी आणि पालिकेची रीतही वेगळी. आलेल्या पत्रांतून जे उपयोगी असेल ते पुढच्या अंकांत देऊ. आणि हो, आंब्याची पानं सगळी हौदात घालू नका. गुढीपाडव्याच्या तोरणापुरती राहू द्या!